डावीकडचा दात

लॅबमध्ये त्यांना सगळे कवळीकाका म्हणायचे, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. माणूस जे करतो त्याच नावाने ओळखला गेला तर त्यात कमीपणा कसला? दात पडलेलं म्हातारं माणूस दातांच्या डॉक्टरकडे जातं, डॉक्टर त्याच्या बोळक्या तोंडाचा ठसा घेतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पुढे तो ठसा जातो कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही. तो जातो एका अरुंद जिन्याच्या वर, प्लास्टरच्या धुळीने पांढऱ्या झालेल्या खोलीत. तिथे खिडकीजवळच्या टेबलाशी कवळीकाका चष्मा कपाळावर चढवून बसलेले असायचे.

ठशात प्लास्टर ओतलं की त्या माणसाच्या हिरडीचा साचा तयार होतो. साच्यावर मेण बसवायचं आणि मेणात एकेक दात रोवायचा. दात खोक्यातून तयार येतात, ते कोरावे लागत नाहीत. पण कुठला किती पुढे, कुठला किती तिरका, हे सगळं हाताचं काम. मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी येते, कवळी डॉक्टरकडे रवाना होते आणि कुणाच्या तरी तोंडात जाऊन बसते. कुणाच्या, ते काकांना कधीच कळत नसे. अर्ध्या गावाला हसायला दात दिले या माणसाने, आणि त्यातलं एकही हसणं त्यांनी जाणूनबुजून पाहिलं नव्हतं.

डॉक्टरलोक म्हणायचे, काकांची कवळी खोटी वाटत नाही. त्याचं कारण एक दात. पुढच्या दोन पटाशीच्या दातांच्या शेजारी, डावीकडचा, काका जरासा आत वळवून बसवायचे, शेजारच्यावर किंचित रेललेला. कुणी विचारलंच तर म्हणायचे, देव काही मोजपट्टी घेऊन बसत नाही. आणि या धंद्यात डावं म्हणजे ज्याचं तोंड त्याचं डावं. समोरून बघणाऱ्याला ते उजवीकडे दिसतं. नवीन आलेला प्रत्येक जण इथेच माती खातो. काकांनी कितीजणांना टपली मारून शिकवलं असेल, डावं म्हणजे त्याचं डावं, तुझं नव्हे.

ही झाली लॅब. घरी काका आणि त्यांची लेक. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. छातीत दुखतंय म्हणाली, पाणी मागितलं, आणि पाणी आणेपर्यंत गेली. त्या गोष्टीबद्दल बापलेक कधी बोलत नसत. कपाटावर एक प्लास्टरचा साचा मात्र होता, पिवळा पडलेला. नवीन लग्न झालं तेव्हा काका काम शिकत होते, सरावाला तोंड हवं होतं, तर त्यांनी बायकोलाच बसवून तिच्या दातांचा ठसा घेतला होता. तिला उबळ आली होती आणि हसूही आलं होतं, दोन्ही एकदम. तो तिचा साचा.

तिला तिचा एक दात आवडत नसे. केस विंचरताना आरशासमोर तोंडावर हात धरायची. काका म्हणायचे, अगं, त्या दातावरच तर मी भाळलो. त्यावर ती म्हणायची, "तुम्हाला काय जातंय बोलायला? तुम्ही तिकडून बघता. मला इकडून दिसतो तो."

आता खरी गोष्ट सुरू होते. काकांची लेक तिकीटखिडकीवर बसायची. एका दुपारी ती अवेळीच घरी आली, चपला न काढता स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. काका रजेवर होते, भांडी पुसत होते. काय झालं म्हणून काकांनी विचारलं. मग म्हणाली, खिडकीवर एक म्हातारी आली होती. अनोळखी. तिकीट घेतलं, सुटे पैसे उचलले आणि हसली.

"बाबा, ती आईसारखी हसली. सारखी म्हणजे, तसंच. तोच दात. तुम्ही आईला गावभर वाटताय का?"

काकांच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. खोटं कशाला बोला, त्यांना हे माहीत नव्हतं. डावीकडचा दात वळवायचा ही आपली कारागिरी, असंच ते इतकी वर्षं समजत होते. आता आठवायला गेले तर ध्यानात आलं, तिचा ठसा घेण्याआधी, शिकताना केलेल्या एकाही कवळीत त्यांनी तो दात वळवला नव्हता. बायको होती तोवर थोडासा वळायचा. ती गेल्यापासून जास्त वळायला लागला होता. ज्या हाताने तिच्या चितेला अग्नी दिला, तो हात रोज टेबलाशी बसून तिचं तोंड घडवत होता, आणि हाताच्या मालकाला पत्ताच नव्हता.

तेव्हापासून काकांचं रस्त्यावरचं चालणं बदललं. आधी खाली मान घालून जायचे, आता लोकांची तोंडं बघायला लागले. औषधाच्या दुकानात एका म्हाताऱ्याने गोळ्यांचं नाव विचारताना दात दाखवले, काका त्या दातांकडेच बघत राहिले. बागेतल्या बाकावर दोन बायका गप्पा मारत होत्या, त्यातली एक मान मागे टाकून हसली आणि काका आल्या पावली परतले. चेहरे परके, सुरकुत्या परक्या, आणि मध्येच तिचं तोंड. भीती वाटायची. आणि दोन दिवस कुठे ते दिसलं नाही तर जीव कासावीस व्हायचा. अशा माणसाने काय करावं?

त्यांनी हात आवरून पाहिला. दात सरळ बसवायचे, उठून पाणी पिऊन यायचे, परत बघतात तर तो वळलेला. मेण गार होताना सरकलं असेल, अशी स्वतःची समजूत घालायचे. जित्याची खोड म्हणतात ती ही. फक्त इथे जितं कोण आणि मेलेलं कोण, हा घोटाळा होता.

असे दिवस चालले असताना लॅबमध्ये मशीन आलं. खरं म्हणजे दोन. एक ठसा वाचणारं, दुसरं अख्खी कवळी कापून काढणारं. मधे एक पडदा, त्यावर माऊसने दात मांडायचे. लॅबचा मालक वाईट माणूस नव्हता. त्याने सगळ्यांना बसवून सरळ सांगितलं, की शेजारच्या लॅबा हेच करायला लागल्यात, आपण नाही केलं तर कुलूप लागेल. शिकवायला एक मुलगी येईल, जो शिकेल तो राहील. कवळ्या घासून चमकवणारा पॉलिशवाला काकांच्या बरोबरीचा. तो म्हणाला, हात शाबूत आहेत तोवर मला कुणाच्या दारात जायची गरज नाही, आणि डबा उचलून जिना उतरला. पुढे तो एका दुकानाच्या पार्किंगमध्ये शिट्टी वाजवताना काकांना दिसला. काकांनी हात केला. त्याने बघितलं आणि गाड्यांकडे तोंड फिरवलं. काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

घरी लेक म्हणाली, बाबा, शिकून घ्या. माझ्या खिडकीचंही काही खरं नाही, तिकिटं फोनवर निघायला लागलीत, मीही संध्याकाळचा हिशेबाचा कोर्स धरलाय. तिने बापाला माऊस आणून दिला, जुन्या लॅपटॉपवर पत्ते खेळायला बसवलं, हात बसावा म्हणून. काका माऊस मेणाच्या सुरीसारखा चिमटीत धरायचे. लेकीला हसू यायचं, आणि हसताना ती तोंड फिरवून घ्यायची. तो दात तिलाही आईकडून आला होता. तो असा गावभर फिरतोय हे कळल्यापासून ती बापासमोर मोकळी हसली नव्हती.

शिकवायला आलेल्या मुलीला लॅबवाले मशीनवाली म्हणायला लागले. चुणचुणीत पोर, कामात पक्की, एकदा सांगितलेलं दहादा सांगायला कंटाळायची नाही. काका सुरुवातीला तिच्याशी तुटक वागायचे, पण तिचा तरी काय दोष? एकदा चहा पिता पिता ती म्हणाली, "काका, मीपण धावतेच आहे. पुढच्या मशीनला शिकवायला माणूस लागणार नाही म्हणतात." त्यानंतर काका तिला पोरी म्हणायला लागले.

मशीनच्या पोटात दातांच्या तयार मांडण्या होत्या. एक निवडायची, हिरडीवर ठेवायची, झालं. सगळ्या मांडण्या कशा देखण्या, डावं-उजवं अगदी एकसारखं. काकांना पहिल्यांदा हायसं वाटलं. वाटलं, सुटलो. हे मशीन काही मला तिचा दात करू देणार नाही. थोडे दिवस त्यांनी सरळ दातांच्या कवळ्या काढल्या, मन लावून, आणि मालक खूश झाला. रस्त्यात मात्र जुनी तोंडं हळूहळू कमी व्हायला लागली. म्हातारी माणसं, कवळी लावून किती वर्षं जगणार? औषधाच्या दुकानातला म्हातारा दिसेनासा झाला. काकांच्या मनात आलं, आता ती दुसऱ्यांदा जायला लागली. आणि या वेळी पाणी आणायला धावण्याचीही सोय नाही.

मग डॉक्टरांच्या तक्रारी आल्या. म्हणे, सगळ्याच लॅबांतून एकच तोंड यायला लागलंय, पेशंट म्हणतात दुकानातल्या बाहुलीसारखं दिसतं, ती जुनी हाताची मांडणी कुठे गेली? मालक हुशार. त्याने काकांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, आणि म्हणाला, तुमचा हात मशीनमध्ये घाला. तुमची मांडणी एकदा बनवून साठवून ठेवू, मग ती आपलीही होईल आणि दुसऱ्या लॅबांनाही देता येईल. तुमची नोकरी पक्की, जोवर तुम्ही याल तोवर. नाही म्हणालात तर, आता तुम्हीच बघा, सरळ दात मांडायला मशीनवाली एकटी पुरे आहे.

काकांनी घरी येऊन लेकीला सांगितलं. तिने पानातला हात थांबवला. आत्तापर्यंत हाताने झालं ते झालं, म्हणाली, तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत असून द्याल? आत्ता गावात मूठभर लोकांच्या तोंडात आहे, मग कुठल्या कुठल्या शहरात, कुणाकुणाच्या तोंडात आई. तिची आपल्याकडे उरलेली तेवढी एक गोष्ट, ती पण नोकरीपायी विकायची? काका म्हणाले, पॉलिशवाल्यासारखी शिट्टी वाजवू का मग. लेक म्हणाली, वाजवा. आणि ताट तसंच टाकून उठून गेली. रागाने बोलली, पण खरं बोलली. आणि काकाही खरंच बोलले होते. म्हणून तर भांडण मिटेना.

काकांनी मांडणी दिली. दिली म्हणजे काय, एका सकाळी बसले आणि करून टाकली. मालक मागे उभा, मशीनवाली शेजारी. लेकीचे शब्द कानात, डोळ्यांत पाणी, पडदा धड दिसेना. दाढा जुळवायला मशीनवालीने पडद्यावरचं तोंड आतल्या बाजूने वळवून दिलं होतं, जिभेवर बसून बाहेर बघावं तसं. काकांनी दाढा जुळवल्या आणि त्याच ओघात तो दात धरला. आयुष्यभर समोरून उजवीकडे दिसणारा दात वळवला होता, तसाच उजवीकडचा धरला, जरासा आत घेतला, शेजारच्यावर रेलवला. मालकाने वा म्हटलं. मशीनवालीने बटण दाबलं. झालं.

नोकरी राहिली, पण काम असं काही राहिलं नाही. मांडणी मशीनच ठेवायचं, काकांनी फक्त नजर टाकून मान डोलवायची. लेक घरात कामापुरतं बोलायची. आणि काही महिन्यांत रस्ते पुन्हा भरायला लागले. बसच्या रांगेत, बँकेत, दवाखान्याच्या पायरीवर. कुणी शिंकून हसायचं, कुणी नातवंडाला हाका मारायचं, आणि तिचं तोंड उघडायचं. पण आता काहीतरी चुकत होतं. पूर्वी भीती वाटायची ती तिची. आता वाटायची ती निराळीच. ती होती, पण जशी काकांनी कधी पाहिली नव्हती तशी. ओळखीच्या घरात मागच्या दाराने शिरावं आणि खोल्या सापडू नयेत, तसं व्हायचं. एकदा बसमध्ये समोरच्या बाकावरची बाई त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसली. काका पुढच्याच थांब्यावर उतरून गेले. आपण तिचं तोंड विसरलो की काय, ही धास्ती घरापर्यंत त्यांच्या मागे आली.

रविवारी त्यांनी लॅबमधून एक कवळी घरी आणली, कपाटावरून साचा काढला आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बघत राहिले. मग खुर्चीत बसले. लेक काय झालं म्हणून आली. काकांना हसावं की रडावं कळेना. शिकाऊ पोराने करावी ती चूक त्यांनी केली होती. पडद्यावर तोंड आतून दिसत होतं, तिथे उजवं ते उजवंच; तिचा दात डावीकडचा, मशीनमधला उजवीकडचा.

"उलटी झालीय गं. जन्मभर दुसऱ्यांना टपल्या मारल्या, आणि मीच उलटी केली."

लेकीने दोन्ही हातात घेऊन पाहिलं, आणि किती तरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला. म्हणजे ती आई नाही, म्हणाली. मग बरंच झालं. काकांनी साचा तिच्या हातातून परत घेतला. त्यांना आठवलं, तुम्ही तिकडून बघता, मला इकडून दिसतो तो. आरशात बघताना तिला तिचा दात जसा दिसायचा, तसं गावभर सगळे हसत होते. ज्या तोंडावर ती हात धरायची, ते तोंड. तिला न आवडणारी ती स्वतः.  लेकीला यातलं काही सांगितलं नाही, एवढंच म्हणाले, की सोमवारी मशीनवालीला सांगून सुलटी करून घेतो. एका बटणाचं तर काम. लेक म्हणाली, करू नका. चुकून का होईना, वाचली ती. काका म्हणाले, मला तसं बघवत नाही गं. पुन्हा जिथल्या तिथे आलं भांडण.

पण सोमवारी काकांचं तोंड सुजलं. दुसऱ्यांचे दात करता करता स्वतःच्या दातांकडे कधी बघितलं नव्हतं, आपण म्हणतो ना, दिव्याखाली अंधार. डॉक्टरने वरचे उरलेसुरले हलते दात काढून टाकले आणि हिरडी भरेपर्यंत काका रजेवर बसले, पेज पीत. लॅबने काकांची कवळी फुकट करून दिली. मशीनवालीने मायेने त्यांचीच मांडणी त्यात घातली, आपल्या हाताची कवळी आपल्या तोंडात असावी म्हणून, आणि घरी पाठवली.

काका डबी घेऊन न्हाणीघरात गेले. दुपारची वेळ होती, वरच्या झरोक्यातून उजेड येत होता. कवळी धुतली, तोंडात बसवली, चावून पाहिली. ठीक बसली होती. मग धंद्याची सवय, पुढचे दात कसे दिसतात बघायला त्यांनी आरशात बघून ओठ उघडले.

आरशात ती होती. उलटी नाही. मागच्या दाराची नाही. जशी समोर बसून हसायची तशी, दात उजवीकडे, जिथे त्यांना तो आयुष्यभर दिसला होता तिथे, शेजारच्यावर रेललेला. मशीनमध्ये ती एकदा उलटी झाली होती, आरशाने तिला परत सुलटी केलं. त्यांच्याच सुरकुत्यांत, त्यांच्याच पांढऱ्या दाढीत ती त्यांच्याकडे बघून हसत होती.  त्यांनी नळ धरला आणि ओठ मिटले. आरशातले ओठ मिटायला जरा उशीर झाला, असं त्यांना वाटलं.

"बाबा, बसली का नीट?" म्हणत लेक दारात आली. काका वळले नाहीत. बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि लेकीला त्यांच्या खांद्यावरून आरसा दिसला. ती चौकटीला धरून उभी राहिली. ओरडली नाही, रडलीही नाही. फक्त तिचा हात हळूहळू वर गेला आणि तोंडावर बसला, आईचा बसायचा तसा.

काकांना वाटलं, पोर घाबरली. त्यांनी घाईघाईने अंगठा घालून कवळी सुटी करायला घेतली. म्हणाले, काढतो, काढतो, उद्याच सरळ दातांची करून आणतो. लेक आत आली, तिने त्यांचं मनगट धरलं. हात गार होता तिचा. ती आरशातच बघत होती.

"नका काढू, बाबा. थोडा वेळ राहू दे," ती म्हणाली.